शेजारच्या सीटचा ब्रेक

तो स्टुलावर बसून चहा पीत होता, आणि आमची गाडी सरळ त्याच्या अंगावर निघाली होती.

आमची म्हणजे माझ्या आत्याच्या ड्रायव्हिंग स्कूलची. स्टिअरिंगवर शिकायला आलेल्या एक काकू होत्या आणि शेजारच्या सीटवर शिकवायला मी. वळण साधंच होतं, काकूंनी त्याच आठवड्यात कितीदा तरी घेतलेलं. पण अर्ध्यावर आलो आणि स्टिअरिंग एकदम जड झालं. "मॅडम, वळत नाहीये हो... वळतच नाहीये!" काकू ओरडल्या. मी हात घालून चाक ओढलं. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला, गाडी फुटपाथची कड चढली आणि समोरच्या गॅरेजच्या दारात जाऊन गचकन थांबली. काकूंनी वेळेवर ब्रेक दाबला म्हणून, नाहीतर काही खरं नव्हतं.

स्टुलावरचा माणूस उठलासुद्धा नाही. बंपर आणि त्याचे गुडघे यांच्यात वीतभर अंतर राहिलं होतं. त्याने कप खाली ठेवला, वाकून काचेतून आधी काकूंच्या हातांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"स्टिअरिंग जड झालं ना?"

शिव्या खायच्या तयारीत असलेल्या माणसाला असा मायेचा प्रश्न विचारू नये. मला एकदम रडूच यायला लागलं. आणि रडू आलं की मी भांडते.

"तुम्हाला उठता येत नाही का? गाडी अंगावर येतेय ते दिसत नाही?"

"दिसत होतं," तो म्हणाला. "पण यांनी केवढा जोर लावलाय तेही दिसत होतं. नवा माणूस चुकला की चाक भलतीकडे फिरतं. यांचं फिरतच नव्हतं. म्हटलं, असं का... तेच बघत बसलो."

जीव जायची वेळ आली आणि हा चाक बघत बसला! मी मनातल्या मनात त्याला वेडा ठरवून टाकलं. मग तो उठला, तेच स्टूल काकूंना बसायला दिलं, आतून पाणी आणलं, आणि काकूंचे हात थरथरताहेत हे बघून ग्लास पूर्ण न भरता अर्धाच दिला. तेव्हा मी तो निकाल जरा पुढे ढकलला.

आत्याने मात्र निकाल लगेच लावला.

"विकून टाकूया ही गाडी," ती म्हणाली. "आणि स्कूलला कुलूप."

आत्या चिडली की आवाज चढवत नाही, उलट खाली आणते. तेव्हा घाबरायचं असतं. स्टिअरिंगने असा दगा देण्याची ही काही पहिली वेळ नव्हती. आधी एका मोठ्या गॅरेजने नवा सेन्सर बसवून दिला होता, तरी पुन्हा तेच. आमच्याकडे गाडी एकच. ती गेली की स्कूल गेलं, आणि स्कूल गेलं की मी काय करणार? मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही करायचंही नाही.

"अगं, पण दुरुस्त होईल ना ती."

"आपल्याकडे बायका भीती घालवायला येतात. इथून नवी भीती घेऊन जाणार असतील तर नकोच ते. शनिवारी एकजण गाडी बघायला येणार आहे. तोवर दोष सापडला आणि परत होणार नाही अशी खात्री मिळाली, तर ठेवू. नाहीतर नाही."

आणि काकू? काकूंनी तर हायच खाल्ली. काकांची नजर अधू झाली तशी त्यांनी गाडी सोडली होती, घराबाहेर पडणंही सोडलं होतं. "मी चालवीन, तुम्ही नुसते शेजारी बसा," असं त्यांना ठणकावून सांगून काकू आमच्याकडे शिकायला आल्या होत्या. आता फोनवर म्हणाल्या, "मॅडम, माझ्या हातांत जोरच उरला नाही. या वयाचं हे काम नव्हे." मी त्यांना खूप समजावलं. पण माझ्याच आवाजात जोर नव्हता, तर त्यांच्या हातांत कुठून येणार?

म्हणून मी गाडी घेऊन त्या गॅरेजमध्ये गेले.

गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, भिंतीला टांगलेली वायरींची भेंडोळी आणि एका वेळी एकच गाडी मावेल एवढी जागा. तो एकटाच काम करायचा, फक्त गाड्यांच्या विजेचं. मी काहीही विचारलं की त्याचं एकच उत्तर यायचं: "बघूया." आज होईल का? बघूया. सेन्सरच गेलाय का? बघूया. दुपारपर्यंत मी त्याचं नावच बघूया ठेवलं आणि तेही त्याच्या तोंडावर सांगितलं.

"चालेल," तो म्हणाला. "लोक याहून वाईट नावं ठेवतात."

डॉक्टरनेही कधी मला इतके प्रश्न विचारले नसतील. गाडी गरम असताना होतं की थंड असताना? वळताना की सरळ जाताना? खड्ड्यात आपटल्यावर? तुम्ही एकट्या चालवता तेव्हा?

"मी एकटी असताना कधीच नाही. फक्त शिकवताना."

"आणि हे?" त्याने शेजारच्या सीटपुढच्या पेडलवर बोट ठेवलं. शिकवणाऱ्यासाठी गाडीत जो दुसरा ब्रेक बसवतात, तो.

"ते शोभेला आहे," मी मान ताठ करून म्हणाले. "मी ब्रेकला पाय लावत नाही. कोणालाही विचारा. माझ्या हाताखाली शिकलेली बाई स्वतःचा ब्रेक स्वतः दाबते."

खरंच माझी ख्याती होती तशी. इतर स्कूलमध्ये शिकवणारेच निम्मी गाडी चालवतात, ही मॅडम चालवत नाही, असं बायका एकमेकींना सांगून आमच्याकडे यायच्या. त्याने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. त्या पेडलबद्दल त्याने पुन्हा विचारलं नाही.

मग तो कामाला लागला आणि मी बघत राहिले. 

खरं तर मला तिथे थांबायचं काही कारण नव्हतं. पण त्याचं काम बघण्यासारखं होतं. आधी त्याने सीटवर धुतलेली चादर पसरली. चपला बाहेर काढल्या. कपाळाला दिवा बांधून तो स्टिअरिंगखाली उताणा शिरला, तेव्हा दारातून फक्त त्याची पावलं दिसत होती. बाहेर आला तो गाडीचे दोष दाखवणारा स्कॅनर जोडून. त्याच्या पडद्यावर एक हिरवी रेघ पळत होती. एका बोटाने त्याने चाक जरासं फिरवलं, रेघ वर गेली. उलटं फिरवलं, रेघ खाली आली.

"हा तुमच्या हाताचा पीळ," तो म्हणाला. "चाकाला तुम्ही किती पीळ देता ते सेन्सर मोजतो आणि स्टिअरिंगच्या मोटरला सांगतो, बाईंना एवढी मदत कर. सेन्सरचा निरोप पोचला नाही की मोटर हात काढून घेते. मग सगळा भार तुमच्यावर."

"का? आधी करत होती तेवढीच मदत करत राहायला काय होतं तिला?"

"चुकीच्या दिशेला मदत केली तर? त्यापेक्षा नको, असं तिला शिकवून ठेवलंय."

"शहाणी आहे."

"हो. तिचं मला फार कौतुक वाटतं." हे तो मोटरबद्दल म्हणाला. तरी बघत माझ्याकडे होता, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे...

"मग बदलून टाका ना तो सेन्सर."

"तो नवाच आहे. मागच्यांनी बदललाय. स्कॅनरने सेन्सरचं नाव घेतलं आणि त्यांनी त्यालाच धरलं. चोर सोडून संन्याशाला सुळी. स्कॅनर एवढंच सांगतो, की निरोप पोचला नाही. का पोचला नाही, ते आपण शोधायचं."

तो शोधत राहिला. बॅटरी तपासली, एकेक वायर हलवून पाहिली. चाक हळू फिरवलं, जोरात फिरवलं. गाडी रस्त्यावर काढली, खड्ड्यांतून नेली, तीच वळणं पुन्हा पुन्हा घेतली. रेघ एकदाही तुटली नाही. त्याच्या हाती गाडी अगदी गुणी बाळासारखी वागत होती.

दुसऱ्या दिवशीही तेच. शनिवार उद्यावर आला.

"तुम्हाला सापडत नाही ना?" मी शेवटी म्हणाले. "म्हणजे दोष गाडीत नाहीच. माझ्यातच आहे."

मला वाटलं, आता 'बघूया' म्हणेल. तो हात पुसत पुसत थांबला.

"त्या काकूंना तुम्ही त्या दिवशी काय म्हणालात, आठवतंय? गाडी थांबल्यावर?"

"नाही."

"'उतरू नका. आधी श्वास घ्या. गाडी कुठे पळून जात नाही.' तुमचे स्वतःचे ओठ पांढरे पडले होते, पण आवाज नाही हलला." त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "असं बोलणाऱ्या माणसात दोष आहे हे मला कोणी सांगितलं तर मी आधी सांगणाऱ्याला तपासेन."

मी उगाच सीटवरच्या चादरीच्या सुरकुत्या काढायला लागले. हे असं माझ्या बाबतीत सहसा होत नाही.

"एक करूया," तो म्हणाला. "मला शिकवा."

"काय?"

"फक्त शिकवताना होतं म्हणालात ना? मग मी शिकाऊ. तुम्ही मॅडम. चला."

जुन्या गिरणीमागच्या मोकळ्या मैदानात आम्ही शिकवतो. वळणांसाठी तिथे टायर मांडून ठेवलेले असतात. तो स्टिअरिंगवर बसला, स्कॅनर डॅशबोर्डवर उभा केला, आणि टायरांमधून इतक्या लीलया गाडी काढली की मी कपाळाला हात लावला.

"असं नाही! असं कोण शिकाऊ चालवतं? घाबरा जरा."

"घाबरायचं कसं?"

"खांदे वर घ्या. आणखी. कानांना लागले पाहिजेत. चाक असं धरा, की सोडलं तर दरीत पडाल. आणि बोनेटच्या टोकाकडे बघत राहा."

त्याने मनापासून सगळं केलं. खांदे वर, डोळे बोनेटवर, जीभ दातांत. इतका भित्रा आणि इतका गंभीर माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. मला हसू आवरेना.

"हसताय काय, मॅडम? तुमच्या स्कूलचं नाव मोठं म्हणून आलो. इथे शिकाऊ माणसाला हसतात?"

"फी परत मिळणार नाही."

"फी नको. शिकवणी वाढवा."

"किती?"

"मी शिकेपर्यंत. माझी गती फार कमी आहे, आधीच सांगतो..."

मी खिडकीबाहेर बघितलं. गाल गरम झाले होते आणि ते लपवायला गाडीत जागा नसते. आभाळ भरून आलं होतं, काचेवर दोन-चार थेंब पडले. तो हळू चालवत होता, मी 'आता वळा', 'आता सोडा' म्हणत होते. जरा वेळाने मी ते सवयीने, खरंखुरं म्हणायला लागले. टायरांच्या मागून एक कुत्रं अचानक आडवं आलं.

"अरे, कुत्रं!"

गाडी थांबली. कुत्रं आमच्याकडे तुच्छतेने बघून निघून गेलं. डॅशबोर्डवर तो मेला पिवळा दिवा लागला होता. पडद्यावरची हिरवी रेघ मधेच तुटून आडवी पडली होती. त्याने चाक फिरवून पाहिलं. जड.

"लागला!" मी टाळीच वाजवली. "बघा, लागला की नाही! कसा लागला?"

तो पडद्याकडे बघत नव्हता. खाली बघत होता. अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "पाय काढू नका."

"कुठला पाय?"

"तुमचा."

मी खाली पाहिलं. माझा पाय शोभेच्या ब्रेकवर होता. नुसता टेकलेला नाही, रोवलेला.

कोणी चव्हाट्यावर उभं करावं तसं झालं मला. "मी... आत्ताच ठेवला. कुत्र्यामुळे."

"मी ब्रेक दाबायच्या आधी गाडी थांबली होती. आणि त्याच्याही आधी, वळण सुरू झालं तेव्हा रेघ एकदा थरथरली." तो उतरून माझ्या बाजूला आला, गुडघ्यांवर बसला, दिवा लावला. "आता सोडा. पुन्हा दाबा. हळू. बास... धरा तसाच."

शेजारच्या ब्रेकपासून चालवणाऱ्याच्या ब्रेकपर्यंत एक लोखंडी दांडी जाते. मागे कोणीतरी ती बसवताना सेन्सरच्या वायरींना खेटून बसवली होती. पेडल मोकळं असलं की काही नाही. पाय टेकला की दांडी वायरीवर घासायची आणि जोरात दाबला की वायर ओढली जायची. घासून घासून आतली तार तुटायला आली होती.

"मीच गाढव," तो खालून म्हणाला. "सगळं हलवून पाहिलं, हे पेडल तेवढं सोडलं."

"मीच सांगितलं होतं तुम्हाला, वापरात नाही म्हणून."

"हो. आणि मी गाडीवर ठेवत नाही एवढा विश्वास तुमच्यावर ठेवला."

तो हसत होता. मला मात्र आता सगळं आठवायला लागलं होतं. त्या दिवशी वळण सुरू होताना माझा पाय कुठे होता? काकूंचे दोन्ही हात चाकाशी झगडत होते, मग गाडी कोणी थांबवली? मी काकूंना स्वतःच्या हातांना कमजोर म्हणू दिलं, आणि सगळा वेळ माझाच पाय...

"काकूंनी नव्हता दाबला ब्रेक," मी म्हणाले.

"नव्हता." तो उठून उभा राहिला. "तुम्ही दाबलात. म्हणून माझे गुडघे जाग्यावर आहेत. मला तर त्या पायाचं कौतुकच आहे. दोष दांडीचा."

"आत्याला सांगाल?"

"वायर घासली होती, एवढं सांगेन. ते खरं आहे. पण कोणी स्पष्ट विचारलं, तर गाडीबद्दल मला खोटं बोलता येत नाही, मॅडम."

"आणि मघाशी मी तुम्हाला 'अरे' म्हणाले ते?"

"त्याबद्दल कोणालाच काही सांगणार नाही," तो म्हणाला. "ते माझ्यापाशी राहू द्या."

परत आलो तेव्हा पत्र्यावर पाऊस तडतडत होता. मी दिवा धरला, त्याने वायर जोडली. फार जवळ बसावं लागतं त्या कामाला. त्याची बोटं काळी होती आणि अतिशय हळुवार. जोड दिसेनासा झाल्यावरही त्याने एकदा वायर ओढून पाहिली, आणि मी विचारलं नसताना म्हणाला, "आता नाही तुटणार. पण गाडी आज नेऊ नका. उद्या सकाळी या. बाकीचंही तपासून ठेवतो."

सकाळी मी पोचले, तर आत्या आधीच हजर. बरोबर काकू. तो स्टिअरिंगखाली शिरलेला होता, दारातून पावलं तेवढी दिसत होती.

"काय म्हणतेय गाडी?" आत्याने पावलांना विचारलं.

"वायर घासली होती," पावलं म्हणाली. "जोडली. दांडीही सरकवून बसवली. परत होणार नाही, लिहून देतो."

आत्याचा चेहरा सैल झाला. माझाही जीव भांड्यात पडला. एवढ्यावरच भागलं! माझं नाव राहिलं, गाडी राहिली, स्कूल राहिलं.

"छान झालं हो," काकू म्हणाल्या. "पण मी त्यासाठी नाही आले. मी सांगायला आले, की माझ्यामुळे गाडी विकू नका. नाचता येईना अंगण वाकडं, असं नको व्हायला. मूळ दोष माझ्या हातांचा. घरी यांनाही मी काल सांगून टाकलं, की आपलं फिरणं राहू द्या. हो म्हणाले. रेडिओ लावून बसले."

त्या हसल्या आणि हातांची घडी घातली, जणू ते हात आता कोणाला दिसू नयेत.

मला ते बघवेना.

"काकू, अंगणच वाकडं होतं," मी म्हणाले. "आणि वाकडं मी केलं. ती वायर माझ्या ब्रेकने घासली. मी ब्रेक दाबते. सगळ्यांना सांगत फिरते दाबत नाही, पण दाबते. मलाच माहीत नव्हतं. त्या दिवशी तुमचे हात बरोबर होते. माझा पाय टेकला, म्हणून स्टिअरिंग जड झालं. तुमच्या जागी कोणीही असतं तरी वळलं नसतं."

काकूंनी घडी सोडली आणि स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं.

आत्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, आता आवाज खाली आणणार. "अगं, न दाबणारा शिकवणारा मी अजून पाहिला नाही," ती म्हणाली. "तू दाबत नाहीस म्हणायचीस तेव्हाच मला तुझी काळजी वाटायची. पण तुला हे कळलं कसं?"

"यांनी शोधलं."

"हो, पण कसं?"

"कसं म्हणजे... आत्या, तू बघायला हवं होतंस. दुसरा कोणी सेन्सर बदलून मोकळा झाला असता. यांनी एकेक वायर हाताने बघितली. न सापडल्यावर माझ्यावर नाही ढकललं. मला म्हणाले, मला शिकवा. खांदे कानांना लावून बसले, हसले नाहीत. सीटवर चादर घालतात. गाडीत चपला घालून चढत नाहीत. काकूंना त्या दिवशी ग्लास अर्धाच दिला, हात थरथरत होते म्हणून, कोणाच्या लक्षात येतं असं? आणि दोष सापडला तर मला बोलले नाहीत, स्वतःला गाढव म्हणाले. वायर जोडतात तेव्हा त्यांची बोटं..."

"अगं ए," आत्या म्हणाली. "मी गाडीचं विचारतेय."

मी थांबले. पण एकदा खरं बोलायला सुरुवात झाली की जीभ मागे वळत नाही हेच खरं.

"हो, गाडीचंच... आणि मला ते आवडतात."

स्टिअरिंगखाली काहीतरी खणकन पडलं. पाठोपाठ डोकं आपटल्याचा आवाज आला. पावलं क्षणभर ताठ झाली आणि मग तो हळूहळू बाहेर आला. कपाळावरचा दिवा चालूच होता, तो बरोबर माझ्या डोळ्यांवर.

"दिवा बंद करा आधी," मी म्हणाले. आवाज भलताच बारीक निघाला.

त्याने केला. कानांपर्यंत लाल झाला होता.

"लागलं का हो?" काकूंनी विचारलं.

"हो," तो म्हणाला. मग आत्याकडे वळला. "आत्या, मला एक सांगायचंय. दुरुस्ती कालच पूर्ण झाली होती. बाकीचं तपासतो म्हणालो ते खोटं होतं. तपासायचं काही उरलंच नव्हतं. गाडी ठेवून घेतली, कारण ती नेली की या परत येणार नाहीत. गाडीबद्दल मी आजवर एवढं एकच खोटं बोललो."

"आणि आत्ता खाली काय करत होतात?" आत्याने विचारलं.

"काही नाही. यांच्याशी काय बोलायचं ते जुळवत होतो. एक वाक्य चांगलं झालं होतं." त्याने माझ्याकडे पाहिलं. "आता एकही शब्द आठवत नाही. पण अर्थ तोच होता, तू म्हणालीस तोच..."

पत्र्यावरून कालच्या पावसाचं पाणी अजून टपटपत होतं. आम्ही दोघंही त्याकडे बघत राहिलो, जणू फार महत्त्वाचं काम होतं ते. आत्याने फोन काढला, गाडी बघायला येणाऱ्याला 'येऊ नका' म्हणून सांगितलं, आणि फोन ठेवताना मान वळवून हसली. तिला वाटलं, आम्हाला दिसणार नाही.

"मग?" काकू म्हणाल्या. "मला कोणी विचारणार आहे का नाही? चावी कुठाय?"

त्या स्टिअरिंगवर बसल्या. मी शेजारी. तो स्कॅनर घेऊन मागे, आता रेघ बघायला म्हणून आणि बाकी कशासाठी ते आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. काकूंनी पट्टा लावला, श्वास घेतला, गाडी काढली. ते वळण आलं. त्यांनी खांदे सोडले, चाक फिरवलं, आणि गाडी लोण्यासारखी वळली. पुढच्याही वळणाला वळली. त्यांची हनुवटी जरा वर झाली.

"थेट घरी नेऊ?" त्या म्हणाल्या. "यांना हॉर्न वाजवून बाहेर बोलावते."

"न्या," मी म्हणाले.

रस्ता सरळ होता. ऊन पडलं होतं. माझ्या बाजूला शिकवणाऱ्याचा म्हणून एक छोटा आरसा असतो, तो मी जरासा हलवून ठेवला होता.

"मॅडम," काकू रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "तो आरसा मागून येणाऱ्या गाड्या बघायला असतो ना?"

"हो, काकू."

"मागे एकही गाडी नाहीये."